गव्हाणी चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी का?

नाताळचा गोठा मांडताना हमखास होणारी चूक म्हणजे मरिया-योसेफासोबत बाळ येशूलाही पहिल्याच दिवशी गव्हाणीत निजवणं. गव्हाणी 24 डिसेंबरच्या रात्रीपर्यंत रिकामी हवी. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, वाट पाहण्याचे. बाळ आधीच येऊन बसलं तर वाट कुणाची पाहायची? बाळासाठी भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी 6 जानेवारीचे, त्यांना मेंढपाळांच्या शेजारी उभं करण्याची घाई नको. ते तीन होते असंही शुभवर्तमानकार मत्तय म्हणत नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन. बैल-गाढव तर शुभवर्तमानांत नाहीतच. ते जुन्या करारातल्या यशयाच्या पहिल्या अध्यायातून गोठ्यात शिरले.

मुळात पहिली तीनेक शतकं हा सण फारसा कुठे दिसत नाही. 25 डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोमची, 336 सालची. तारीख सूर्याच्या उत्सवावरून घेतली, की 25 मार्चच्या गर्भधारणेत नऊ महिने मिळवून काढली, यावर अभ्यासकांचं अजून जुळत नाही. सणाचा अर्थ मात्र तारखेवर अडलेला नाही. निकियाच्या धर्मपरिषदेने 325 मध्ये पुत्र, म्हणजे येशू, पित्याशी एकतत्त्व असल्याचं ठरवलं. 451 मध्ये खाल्किदोनच्या परिषदेने तोच पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचं सांगितलं. शुभवर्तमानकार योहानाच्या शब्दांत, ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ मूळ ग्रीक क्रियापदात राहुटी ठोकल्याचा भाव आहे. मराठी माणसाच्या तोंडी इथे ‘अवतार’ चटकन येतो, पण ख्रिस्ती शिकवणीत हे एकदाच घडलं आणि तो देह परत उतरवून ठेवलेला नाही. म्हणून शब्द ‘देहधारण’.

नाताळ सगळ्याच ख्रिस्ती परंपरांत पाळला जात नव्हता. नागपूरला 1845 मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या परंपरेत नाताळ पाळण्याची रीतच नव्हती: बायबलात आज्ञा नाही, मग सण कशाला, असा रोखठोक हिशेब. खुद्द स्कॉटलंडात नाताळची सार्वजनिक सुट्टी 1958 मध्ये लागली. इकडे नागपूरच्या सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचं, तिथे आगमनकाळ रीतसर दिनदर्शिकेत. या दोन्ही धारा, इतर काही मंडळ्यांसह, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिळाल्या त्या नागपुरातच, 29 नोव्हेंबर 1970 रोजी. त्या वर्षीच्या आगमनकाळाचा तो पहिला रविवार होता.