टोकियोतला तातार छापखाना आणि मुकदेनचं साप्ताहिक : पार्श्वभूमी

जपानमधल्या तातार लोकांच्या पेपरची गोष्ट मला नेहमी खिळ्यांपासून, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांपासून, सांगावीशी वाटते. १९२८ला तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन घेतली, तिकडच्या छापखान्यांतले अरबी खिळे बिनकामाचे झाले, आणि त्यातलेच काही विकत घेऊन थेट टोकियोत आणले गेले.

आणणारे होते इमाम मुहम्मद अब्दुलहय कुर्बानअली. तातार म्हणजे रशियातल्या व्होल्गा-उरलकडची मुसलमान माणसं, काही आधीच रेल्वे आणि व्यापाराच्या निमित्ताने मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनमध्ये, आलेली, बाकीची १९१७च्या क्रांतीनंतर यादवी युद्धातून जीव वाचवून पळालेली. जपानमध्ये बरेच जण दारोदार फिरून लोकरी कापड विकायचे. पासपोर्ट कुठल्याच देशाचा नाही. तरी १९२७ला टोकियोत शाळा काढली, कारण पोरं जपानीत बोलायला लागली होती, मग शाळेला पुस्तकं हवीत म्हणून १९२९च्या सुमारास छापखाना, त्यातून क्रमिक पुस्तकं, ‘यापोन मुखबिरी’ हे मासिक, आणि १९३४ला कुराणसुद्धा! फेरीवाल्यांच्या एवढ्याशा वस्तीने हे केलं, मला तर हे ग्रेट वाटतं.

१९३३ला लेखक अयाज इसहाकी जपानला आले. बर्लिनमधून ते ‘यान्या मिल्ली यूल’ हे मासिक काढायचेच. त्यांना इदिल-उरल, म्हणजे व्होल्गा-उरलचा स्वतंत्र देश हवा होता, कुर्बानअलींशी पटलं नाही, १९३४ला टोकियोतल्या सभेत हाणामारीही झाली आणि समाज दुभंगला. १९३५ला इसहाकींच्या गटाने तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या मांचुरियातल्या मुकदेनहून, म्हणजे आजच्या शेनयांगहून, ‘मिल्ली बायराक’ हे साप्ताहिक सुरू केलं, राष्ट्रीय झेंडा असा अर्थ. ते १९४५पर्यंत टिकलं, आणि संपादनाचा भार रुकिया मुहम्मदिश या बाईंनी उचलला.

जपानी लष्कराला सोव्हिएतविरोधी मुसलमान हवेच होते, त्यामुळे आश्रय मिळाला. पण म्हणून या पेपरना नुसता प्रचार म्हणणं मला पटत नाही. सोव्हिएत रशियात तातारीची लिपी आधी रोमन, मग १९३९ला सिरिलिक केली गेली, आणि इथे मात्र जुन्या अरबी अक्षरांत भाषा छापली जात होती.

१९३८ला कुर्बानअलींना जपान सोडावं लागलं, १९४५ला मांचुरियात सोव्हिएत फौजांनी पकडलं, पुढे दहा वर्षं कैद. जपानमधल्या तातारांना १९५३ला तुर्कस्तानचं नागरिकत्व मिळालं आणि अनेक कुटुंबं तिकडे गेली, जिथून ते खिळे आले होते तिथेच, पण आईवडिलांचा पेपर ज्या लिपीत होता ती तिथल्या शाळेत कोणी शिकवत नव्हतं.