नकाशा कोरा, की ठिपका हरवलेला?

"तिकडे रेंज नाही, त्यामुळे जीपीएस चालणार नाही." हे वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकू येतं, की आता ते दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. त्याच्या जोडीला दुसरं वाक्य ठरलेलं: "मॅप डाउनलोड केलाय, आता जीपीएसची काळजी नाही." पहिलं चूक, दुसरंही चूक. आपण कुठे आहोत हे शोधणं हे एक काम आणि त्या जागेच्या आजूबाजूला काय आहे हे दाखवणं हे दुसरं. दोन्हींच्या यंत्रणा वेगळ्या, दोन्हींचे बिघाड वेगळे. मोबाइलच्या पडद्यावर ती एकावर एक दिसतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात आणि भलतंच दुरुस्त करत बसतात.

नकाशाचं तुम्हाला माहीतच आहे. रस्ते, गावं, ओढे, इमारती ही माहिती कुणीतरी आधी गोळा करून ठेवलेली असते. अ‍ॅपमध्ये ती येते एकतर लागेल तशी नेटवरून, नाहीतर आधी उतरवून ठेवलेल्या फाइलमधून. नेट गेलं आणि फाइल नसली की पडदा करडा पडतो. यात कोडं काही नाही.

कोडं आहे ते आपली जागा दाखवणाऱ्या निळ्या ठिपक्याचं.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फिरता फिरता सतत दोन गोष्टी सांगत राहतात: मी कुठे आहे आणि आता किती वाजले. फोन ते ऐकतो, संकेत पोचायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह लागतात. तीन मितींसाठी तीन, आणि चौथा अशासाठी की फोनमधलं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं, त्यामुळे त्याची चूकही हिशेबातूनच काढावी लागते. या सगळ्यात फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही. रेडिओ ऐकणाऱ्याची आकाशवाणी केंद्राला खबर नसते, तसंच हे. त्यामुळे सिमकार्ड काढा, डेटा बंद करा, आजच्या बहुतेक फोनांवर फ्लाइट मोडसुद्धा लावा. लोकेशन चालू असेल तर जागा कळतेच.

मग नेट नसताना ठिपका यायला एवढा वेळ का लागतो? हा प्रश्न रास्त आहे, आणि मेख नेमकी इथेच आहे. नुसता संकेत ऐकून भागत नाही. तो पाठवणारा उपग्रह त्या क्षणी कक्षेत कुठे होता, हेही फोनला बारकाईने ठाऊक असावं लागतं. हा तपशील उपग्रह स्वतःच सांगतो, पण सेकंदाला ५० बिट अशा गतीने. एका उपग्रहाचा कामापुरता तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. मध्येच एखादी फांदी, गाडीचं छप्पर किंवा तुमचाच हात आडवा आला आणि काही बिट निसटले, की पुढच्या फेरीपर्यंत थांबा. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण ऐकायची तर साडेबारा मिनिटं जातात.

नेट असलं की फोन हा तपशील सर्व्हरवरून बघता बघता ओढून घेतो. याला असिस्टेड जीपीएस, म्हणजे ए-जीपीएस म्हणतात. नेटची मदत ती एवढीच. ही मदत गेली की जीपीएस बंद पडत नाही, फक्त पहिल्यांदा जागा पकडायला उशीर होतो. उघड्यावर अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत, झाडीत किंवा चालत्या गाडीत त्याहून जास्त. फोन बंद करून शेकडो किलोमीटर दूर जाऊन तो पुन्हा चालू केला असेल, तर आणखी वेळ जाऊ शकतो, कारण तो जुन्या जागेच्या अंदाजाने उपग्रह शोधत असतो. माणसं झाडाखाली उभी राहून वीस सेकंद पडद्याकडे बघतात, "बघ, रेंज नाही ना!" म्हणतात आणि फोन खिशात टाकतात. गैरसमज पक्का होतो तो असा.

यावर उपाय सोपा आहे. रेंज असेपर्यंतच अ‍ॅप उघडा आणि ठिपका स्थिर होऊ द्या. कक्षेचा तपशील साधारण चार तास कामाचा राहतो. तेवढ्या वेळात पुन्हा उघडलंत तर जागा काही सेकंदांत मिळते. आणि रेंज नसलेल्या जागी नव्याने सुरुवात करायची वेळ आलीच, तर मोकळ्या आकाशाखाली फोन आडवा धरून एका जागी उभे राहा. चालू नका.

गोंधळात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. घरात, चार भिंतींच्या आत, अ‍ॅप उघडताक्षणी ठिपका येतो तो बहुतेक वेळा उपग्रहांवरून आलेलाच नसतो. आसपासचे वाय-फाय राउटर आणि मोबाइलचे टॉवर पाहून फोन नेटवरच्या यादीतून अंदाज बांधतो. याला मात्र नेट लागतं. ओळख सोपी आहे: ठिपक्याभोवती मोठं फिकट वर्तुळ दिसतं आणि तुम्ही पाच पावलं चाललात तरी ठिपका हलत नाही. नेट बंद केल्यावर हा ठिपका जातो आणि लोक म्हणतात जीपीएस गेलं. गेला तो अंदाज. जीपीएस तर अजून सुरूही झालेलं नसतं.

एकदा डोळ्यांनी बघायचं असेल तर अँड्रॉइडवर जीपीएसटेस्ट नावाचं साधं, फुकट अ‍ॅप आहे. फ्लाइट मोड लावा, वाय-फायही बंद आहे ना ते बघा, उघड्यावर जा आणि अ‍ॅप चालू करा. सुरुवातीला अक्षांश-रेखांशाच्या जागा रिकाम्या असतात. खाली उपग्रहांची यादी भरायला लागते, प्रत्येकापुढे संकेताचा जोर आकड्यात येतो. २०च्या खाली असेल तर कुजबुज, ३५च्या वर चांगला, ४०च्या पुढे उत्तम. 'दिसणारे' उपग्रह वीस असले तरी 'वापरात' शून्य असतात. याच टप्प्यावर लोकांचा धीर सुटतो. तपशील पूर्ण आला की वापरातला आकडा एकदम चार, सात, अकरा असा चढतो आणि अक्षांश-रेखांश उमटतात. पडद्यावर नकाशाचा पत्ता नाही, नेट नाही, तरी जागा बिनचूक.

कुठल्याही तक्रारीची पहिली चाचणी हीच ठेवा. अक्षांश-रेखांश येतायत आणि नकाशा कोरा आहे? मग लोकेशनच्या सेटिंगला हात लावू नका, तिथे काही बिघडलेलं नाही. नकाशाची फाइल तपासा. नकाशा भरलेला आहे आणि या अ‍ॅपमध्ये जागा मिळते पण त्या अ‍ॅपमध्ये नाही? मग परवानगी बघा. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून प्रत्येक अ‍ॅपला अचूक किंवा अंदाजे लोकेशन असं वेगवेगळं देता येतं. घाईत 'अंदाजे'वर बोट पडलं, की नॅव्हिगेशनचं अ‍ॅप तुम्हाला भलत्याच भागात नेऊन ठेवतं आणि शिव्या उपग्रहांना बसतात. माझ्या मते आज येणाऱ्या तक्रारींतलं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे.

चाललेल्या वाटेची नोंद मध्येच तुटून सरळ रेघा उमटत असतील, तर संशयित बॅटरी सेव्हर. पडदा बंद झाल्यावर तो मागे चालणाऱ्या अ‍ॅपची मान आवळतो. त्या अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळा, प्रश्न मिटतो.

बाण उलटा दाखवतो, ही तक्रार जीपीएसची नव्हे, होकायंत्राची. उभं असताना दिशा होकायंत्राचा सेन्सर सांगतो आणि कव्हरमध्ये लोहचुंबक असेल तर तो भरकटतो. चार पावलं चाला, बहुतेक अ‍ॅप मग चालण्यावरून दिशा ठरवतात.

आता दोन सल्ल्यांबद्दल, जे ऐकले की माझं डोकं फिरतं. पहिला: "अ‍ॅपचा डेटा क्लिअर करून बघ." नकाशाच्या अ‍ॅपचा डेटा क्लिअर केला की उतरवून ठेवलेले सगळे नकाशेही त्याबरोबर जातात. आधी नुसता उशीर होत होता, आता नकाशाही नाही, आणि रेंज नसेल तर परत उतरवायची सोय नाही. दुसरा: जीपीएसचा जोर वाढवणारी 'बूस्टर' अ‍ॅप. २०,२०० किलोमीटरवरून आलेल्या संकेताचा जोर कुठलंही अ‍ॅप वाढवू शकत नाही. फार तर ते ए-जीपीएसचा जुना तपशील पुसून नवा मागवतं, आणि तेही नेट असेल तरच. बाकी सगळ्या जाहिराती.

अचूकतेचा बाऊही नको. मोकळ्या आकाशाखाली फोनची जागा साधारण पाच मीटरांच्या आत असते. ठिपका रस्त्याच्या पलीकडच्या कडेला दिसला म्हणून बिघाड झाला असं नाही. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात, तिथे चूक वाढणारच. जीपीएस अमेरिकेचं. तशाच ग्लोनास (रशिया), गॅलिलिओ (युरोप), बेइदोउ (चीन) आणि काही फोनांत आपल्या नाविक या यंत्रणांचे उपग्रहही आजचे फोन ऐकतात, हे चांगलंच आहे. पण त्यावरून फोन निवडत बसू नका. एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारा फोन मिळाला, तर गजबजलेल्या शहरात त्याचा फरक खरंच जाणवतो.

अ‍ॅप निवडायच्या आधी यंत्रात जीपीएसची चिप आहे का, ते बघा. टॅबलेट घेणारे इथेच फसतात. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. सिम घेणाऱ्या मॉडेलमध्ये असतं. घरी वाय-फायवर ठिपका अगदी व्यवस्थित दिसतो, बाहेर पडल्यावर नाहीसा होतो, आणि मग एकामागून एक अ‍ॅप बदलणं सुरू होतं. नसलेली चिप अ‍ॅपने येत नाही.

अ‍ॅपच्या जाहिरातीत 'ऑफलाइन' हा शब्द दिसला की तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. नेट नसताना नकाशा दिसतो का? नेट नसताना ठिकाण शोधता येतं का? नेट नसताना नवा रस्ता काढून मिळतो का, आणि तो चालणाऱ्यासाठी की फक्त गाडीसाठी? गूगल मॅप्समध्ये भाग उतरवून ठेवला तर गाडीचा रस्ता मिळतो. पायी जाणाऱ्याचा ऑफलाइन मिळत नाही. शहरात ट्रॅफिक बघत गाडी चालवायला माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पायवाटांसाठी मी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँडच घ्यायला सांगेन. दोन्ही २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरतात, पूर्ण प्रदेशाची फाइल एकदम उतरवता येते, आणि शोध, पायी रस्ता हे सगळं फोनमध्येच होतं. ऑरगॅनिक मॅप्स सुटसुटीत आहे. ऑसमँडच्या मेन्यूत माणूस हरवतो, पण बारकावे हवे असतील तर पर्याय तोच.

निघण्यापूर्वी घरीच चाचणी घ्या. फ्लाइट मोड लावा आणि कधीच न पाहिलेल्या कोपऱ्यात जाऊन शेवटपर्यंत झूम करा. काल बघितलेला भाग तात्पुरत्या साठ्यातून दिसत राहतो आणि नकाशा उतरलाय असा भास होतो. पुरता फसवणारा भाग तो हाच. मग एक ठिकाण शोधा, एक रस्ता मागा. तिन्ही जमलं तरच ऑफलाइन म्हणा.

हातात धरायचं खास जीपीएस यंत्र घेणार असाल तर त्याची बॅटरी जास्त चालते, उन्हात पडदा दिसतो, पावसात बटणं दाबता येतात. यासाठी ते घ्या, जास्त अचूक असतं या समजुतीने नको. जुनं यंत्र जागा बरोबर पण तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवत असेल, तर त्याला कारण आहे: जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाले की शून्यावर येतो, तसा तो ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आला. नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, मिळालं तर टाका, नाहीतर तारखेकडे दुर्लक्ष करा. आणि नव्या यंत्राच्या पडद्यावर दोन मोठे रस्ते आणि एक नदी एवढंच दिसलं म्हणून ते परत करायला धावू नका. बऱ्याच यंत्रांत आत आलेला मूळ नकाशा तेवढाच असतो. गार्मिन कंपनीच्या यंत्रांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले नकाशे फुकट मिळतात, ते मेमरी कार्डवर टाकले की तोच ठिपका पायवाटेवर दिसतो.