ट्रॉलीचे दिवे व परावर्तक पट्ट्या

ट्रॅक्टर, ट्रक किंवा अन्य मोटार वाहनाच्या मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या, स्वतःचे इंजिन नसलेल्या वाहनावर ते अंधारात दिसावे म्हणून बसवायचे दिवे, रिफ्लेक्टर व परावर्तक पट्ट्या आणि त्यांविषयीचे नियम. कायद्यात अशा वाहनाला ‘ट्रेलर’ म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात ‘ट्रॉली’ हाच शब्द सर्रास चालतो, म्हणून या नोंदीतही तोच वापरला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो. त्यामुळे ट्रॉलीला स्वतःची नोंदणी लागते, आणि पुढे ट्रॅक्टरचे दिवे लागलेले आहेत एवढ्यावर मालकाची जबाबदारी संपत नाही.

कोल्हापुरात हा विषय उसाशी बांधलेला आहे. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या की पुढचे चारपाच महिने जिल्ह्यातला जवळजवळ प्रत्येक रस्ता उसाच्या वाहनांचा होतो. कसबा बावडा, कुडित्रे, परिते, बिद्री, कागल, हुपरी, शिरोळ, वारणानगर अशा कितीतरी ठिकाणी कारखाने आहेत आणि त्यांच्याकडे ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी सगळेच निघते. फडात तोड पहाटे सुरू होते, भरणी होईपर्यंत दिवस कलतो आणि भरलेली ट्रॉली रस्त्याला लागते ती नेमकी अंधार पडताना. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागलेला असला, की रात्र रस्त्याच्या कडेलाच जाते. गगनबावडा आणि राधानगरीच्या रस्त्यांवर गाव सोडले की पथदिवे नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पंचगंगेच्या काठाने पहाटे धुके उतरते. मागून येणारा बहुतेक वेळा दुचाकीवर असतो : औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून घरी निघालेला, नाहीतर पहाटे दुधाचे कॅन घेऊन चाललेला.

आकडे मांडले की धोका उघड दिसतो. ताशी ६० किमी वेगाची मोटरसायकल सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. पुढे काही आहे हे ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद, म्हणजे २५ मीटर जातात. कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला आणखी तेवढेच अंतर लागते. एकूण ५० मीटर. काळपट उसाचा ढीग डिपर लाइटमध्ये ३० मीटरवर दिसला आणि ट्रॉली उभी असली, तर चालक कितीही हुशार असला तरी धडक टळत नाही. त्याला हवे असते ते दिसण्याचे अंतर, आणि ते त्याला मिळवून देणे हे पुढच्या वाहनाचे काम आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ दिव्यांविषयी आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून, तसेच उजेड पुरेसा नसेल त्या कोणत्याही वेळी, सार्वजनिक रस्त्यावरील वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत. धुक्यातली सकाळही यातच येते, हे अनेकांच्या लक्षात नसते. मागची नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता येईल असा तिच्यावर पांढरा उजेड हवा. नियम १०४ नुसार ट्रॉलीच्या मागे डाव्या आणि उजव्या अंगाला एकेक असे दोन लाल रिफ्लेक्टर हवेत. परावर्तक पट्ट्यांसाठी एआयएस ०९० हे मानक असून त्यात रंगांची वाटणी ठरलेली आहे : पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल. या वाटणीमुळे रात्री नुसत्या रंगावरून समोरच्या वाहनाची कोणती बाजू आपल्याकडे आहे ते कळते. उलटे लावलेले, म्हणजे मागे पांढरे आणि पुढे लाल, रिफ्लेक्टर म्हणूनच न लावण्याइतके वाईट. युरोपात ट्रेलरच्या मागचे लाल रिफ्लेक्टर त्रिकोणी असतात, त्यामुळे हे ओढले जाणारे वाहन आहे हे आकारावरूनच समजते.

परावर्तक पट्टी स्वतः प्रकाश देत नाही. तिच्या पृष्ठभागाखाली काचेचे बारीक मणी किंवा प्रिझमसारखे कोपरे असतात आणि ते पडलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतात. साधा चकचकीत पत्रा किंवा रेडियमच्या नावाखाली मिळणारा रंगीत चमकता कागद उजेड भलतीकडे फेकतो. तो दिवसा देखणा दिसतो, पण रात्री उपयोगाचा नाही. चिखल आणि उसाच्या रसाने धरलेली धूळ पट्टीवर बसली की तिची ताकद जाते. पट्टीवर दव साचले तरी परतणारा उजेड कमी होतो. काट्याच्या रांगेत थांबले असताना ओल्या फडक्याने मागचे दोन्ही रिफ्लेक्टर पुसायला एक मिनिटही लागत नाही. कोरड्या पाचटाने घासले तर पट्टीवर चरे पडतात.

पट्ट्यांचा उपयोग मोजलेला आहे. अमेरिकेत १ डिसेंबर १९९३ पासून बनणाऱ्या मोठ्या, अवजड ट्रेलरांवर दिव्यांच्या जोडीला लाल-पांढऱ्या पट्ट्याही बंधनकारक झाल्या. पुढे तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने केलेल्या अभ्यासात, अंधारात ट्रेलरवर मागून आणि बाजूने होणाऱ्या धडका २९ टक्क्यांनी, तर पथदिवे नसलेल्या रस्त्यांवर ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. पट्टीचा सर्वाधिक फायदा काळोख्या रस्त्यावरच होतो, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक फडांच्या वाटांवर.

उसाच्या ट्रॉलीचा खरा पेच मात्र भरणीनंतर सुरू होतो. नियम रिकाम्या वाहनाकडे पाहून लिहिला आहे. मागून येणाऱ्याला दिसतो तो ऊस. मोळ्यांची टोके चौकटीबाहेर येतात, वाडे (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) खाली लोंबते आणि मागचा दिवा, रिफ्लेक्टर, नंबर प्लेट तिन्ही पाल्याआड जातात. आरटीओच्या तपासणीत ज्या ट्रॉलीत काही खोट निघाली नाही, तीच फडातून बाहेर पडताना आंधळी होऊन येते. माल वाहनाच्या मागे किंवा बाजूला बाहेर येता कामा नये असे नियम सांगतो. तो पाळला गेला तर हा प्रश्नच उरत नाही. तोवर यावर कोल्हापूर भागात रुळलेला उपाय म्हणजे कापडी रिफ्लेक्टर. जाड कापडावर लाल परावर्तक पट्टी शिवलेली असते आणि चार कोपऱ्यांना दोऱ्या. भरणी संपल्यावर तो मोळ्यांच्या सर्वांत मागच्या टोकावर ताणून बांधायचा. हंगामाच्या तोंडावर कारखाने, पोलिस आणि आरटीओ असे रिफ्लेक्टर वाटतात, बांधूनही देतात. मोहीम चांगलीच आहे. अडचण पुढच्या खेपेला येते, कारण गव्हाणीवर (कारखान्यात ऊस टाकायच्या जागी) ऊस उतरवताना कापड सोडावे लागते आणि ते ट्रॅक्टरच्या सीटखाली जाते. ते पुन्हा बांधणे हा भरणीचाच भाग मानला पाहिजे, जसा दोर आवळणे हा भाग आहे. भरणी करणाऱ्या टोळीलाच ते सांगून ठेवले तर विसर कमी पडतो.

दिव्यांचे दुखणे बहुधा वायरिंगमध्ये असते. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीचा करंट सात पिनी सॉकेटमधून ट्रॉलीत जातो : दोन्ही बाजूंचे मागचे दिवे, दोन इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी). ट्रॉली फडात उलटी घालताना लोंबती वायर उसाच्या बुडख्यांत अडकून तुटते, म्हणून ती दांडीवर क्लिपने धरून न्यावी लागते. अर्थसाठी वेगळी वायर न टाकता हुकाच्या लोखंडावर भागवले, तर गंज आणि ग्रीसमुळे तो धड मिळत नाही. मग इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे एकदम लुकलुकू लागतात. हे दिसले की बल्ब बदलण्याआधी अर्थ तपासावा. दोन ट्रॉल्या जोडायच्या असतील तर पहिलीच्या मागेही सॉकेट लागतो. तो नसला की रस्त्यावर सर्वांत मागे धावणारी ट्रॉली पूर्ण काळोखात राहते आणि धडक बसते ती तिलाच.

ट्रॉली सोडून ट्रॅक्टर दुसऱ्या खेपेला गेला की तिचे दिवे गेलेच, कारण त्यांना करंट देणारी बॅटरी ट्रॅक्टरमध्ये आहे. टायर फुटून किंवा हूक तुटून कडेला उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचा भरवसा फक्त रिफ्लेक्टरवर असतो. अशा वेळी मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. चाकांना लावलेले दगड आणि खुणेसाठी टाकलेल्या फांद्या ट्रॉली निघाल्यावर रस्त्यातच राहतात. पुढच्या दुचाकीला मग ट्रॉलीऐवजी दगडाची ठोकर बसते. ते उचलून बांधाला टाकायचे काम चालकाचे आहे.

बैलगाडी मोटार वाहन नसल्याने तिला हे नियम लागू होत नाहीत, पण ती त्याच रस्त्याने त्याच कारखान्याकडे जाते. पूर्वी गाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असे आणि लांबून त्याचा झोका दिसे. आता गाडीच्या मागच्या लाकडावर लाल पट्टी मारतात, काही जण बैलांच्या शिंगांनाही पट्टी गुंडाळतात. शिंगांवरची पट्टी समोरून येणाऱ्यासाठी असते. मागून येणाऱ्यासाठी गाडीलाही कापडी रिफ्लेक्टर उसाच्या मागच्या टोकावरच बांधावा लागतो, कारण मागचे लाकूड वाड्याखाली झाकलेले असते.