कीज टू असेन्शन

येस या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचा दोन सीडींचा अल्बम (१९९६). सात गाणी लाइव्ह, दोन स्टुडिओत केलेली नवी. जॉन अँडरसन (गायन), स्टीव्ह हाऊ (गिटार), ख्रिस स्क्वायर (बास), रिक वेकमन (कीबोर्ड) आणि ॲलन व्हाइट (ड्रम) हे पाचजण ४ ते ६ मार्च १९९६ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो गावच्या फ्रीमाँट थिएटरात पुन्हा एकत्र वाजले. अल्बम त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर आला. मुखपृष्ठ चित्रकार रॉजर डीन यांचे.

या संचाला ‘क्लासिक’, म्हणजे १९७२च्या गाजलेल्या काळातला, म्हणण्याची प्रथा आहे, पण ती काटेकोर नाही. सातपैकी ‘सायबीरियन खात्रू’, ‘राउंडअबाउट’, ‘अमेरिका’ व ‘स्टारशिप ट्रूपर’ या चार गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणात ड्रमवर व्हाइट यांच्या आधीचे बिल ब्रुफर्ड होते. ‘स्टारशिप ट्रूपर’मध्ये तर कीबोर्डही वेकमन यांच्या आधीचे टोनी के यांचा. ‘द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड’ (१९७३), ‘अवेकन’ (१९७७) आणि ‘ऑनवर्ड’ (१९७८) ही तीनच गाणी खऱ्या अर्थाने या पाचजणांची. म्हणून १९७२च्या संचाचे पुनर्मीलन म्हणण्यापेक्षा १९७७-७८च्या संचाचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

लाइव्ह मुद्रणावर नंतर स्टुडिओत किती हात फिरवला गेला, हा या अल्बमविषयीचा मुख्य वाद आहे. ओव्हरडबिंग (मूळ मुद्रणावर नंतर नवे वादन वा गायन चढवणे) झाले हे सर्वसाधारणपणे मान्य आहे, मतभेद प्रमाणाबद्दल. कानाने निवाडा करताना मुद्रणाची पद्धत ध्यानात घ्यावी लागते. मल्टिट्रॅक मुद्रणात प्रत्येक वाद्याचा ट्रॅक, म्हणजे स्वतंत्र पट्टी, वेगळा असला, तरी ड्रमच्या वर टांगलेल्या माइकमध्ये मंचावरचे गायन आणि गिटारच्या ॲम्पचा (ध्वनिवर्धकाचा) आवाज झिरपतोच. मुख्य गायन बदलले तरी जुनी ओळ त्या माइकमध्ये शिल्लक राहते, आणि सूर किंवा वेळ थोडी जरी हुकली तर मागे पुसट दुसरा आवाज ऐकू येतो. बास व कीबोर्ड मात्र बहुधा थेट तारेने मिक्सरला जोडतात. त्यांचा झिरपा कमी असल्याने ते बदलणे सोपे, आणि बदल पकडणे सर्वांत अवघड. तीन रात्रींतले तुकडे जोडायचे तर आणखी एक अडचण येते: क्लिकशिवाय (कानात ठेका देणाऱ्या टिकटिकीशिवाय) वाजवलेल्या गाण्याची लय रोज थोडी वेगळी पडते, त्यामुळे सांधा विरामाच्या जागीच घ्यावा लागतो. प्रेक्षकांचा आवाज मिक्समध्ये बराच मागे आहे. हे सर्व पाहता, लाइव्ह वादनाच्या पायावर स्टुडिओत सजवलेले काम हेच वर्णन अधिक सयुक्तिक ठरते. त्याने वादनाची योग्यता कमी होत नाही.

‘अवेकन’ची तुलना विशेष उद्बोधक आहे. मूळ गाण्यातला पाइप ऑर्गन स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथील चर्चमध्ये वाजवून टेलिफोन लाइनवरून माँत्रो येथील स्टुडिओत मुद्रित केला होता. मंचावर तो नाद सिंथेसायझरनेच साधावा लागतो. चर्चच्या दगडी भिंतींतून येणारा लांब प्रतिध्वनी त्यात मिळत नाही. ‘स्टारशिप ट्रूपर’चा शेवटचा भाग जी, ई फ्लॅट, सी या तीनच कॉर्डांच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरगटांच्या) आवर्तनावर चढत जातो, वाजवणे सोपे, पण आवाज हळूहळू वाढवत नेण्याचा संयम सुटला की तो भाग पडतो. येथे तो टिकला आहे.

लाइव्ह गाण्यांचा काळ सुमारे ८७ मिनिटे असल्याने एका सीडीत ती मावत नाहीत. दुसऱ्या सीडीवरील उरलेल्या जागेत ‘बी द वन’ आणि सुमारे १९ मिनिटांचे ‘दॅट, दॅट इज’ ही नवी गाणी आली.

त्याच मैफलींतील उरलेली गाणी व आणखी नवी रचना घेऊन दुसरा भाग नोव्हेंबर १९९७मध्ये निघाला. तोवर वेकमन बँड सोडून गेले होते. दोन्ही भागांतील स्टुडिओ गाणी २००१मध्ये ‘कीस्टुडिओ’ नावाने एकत्र प्रसिद्ध झाली.