आवर्ती ठेव आणि ठेव प्रमाणपत्र : तुलना

ठरावीक मुदतीपर्यंत दरमहा ठरलेला हप्ता भरायचा आणि मुदत संपली की मुद्दल व व्याज एकदम घ्यायचे, ही आवर्ती ठेव; बोलीभाषेत आरडी. हातातली रक्कम एकदमच ठरलेल्या दराने आणि मुदतीने बँकेत ठेवून तिची पावती घ्यायची, हे ठेव प्रमाणपत्र किंवा सीडी. अमेरिकेत सामान्य ग्राहकाची साधी मुदत ठेवही सीडीच म्हणवते. भारतात घरगुती ठेवीदाराच्या वाट्याला येते ती मुदत ठेव. 1989 साली सुरू झालेले ठेव प्रमाणपत्र हे बाजारात विकता येणारे, किमान 5 लाख रुपयांचे साधन आहे आणि बँका ते जास्तीत जास्त एका वर्षासाठी काढतात. या नोंदीत प्रमाणपत्र हा शब्द एकरकमी मुदत ठेवीच्या व्यापक अर्थाने घेतला आहे.

बँकेच्या फलकावर दोन्हींचे दर शेजारीशेजारी असतात आणि पाहणारा जास्त टक्क्यांकडे वळतो. पण हे टक्के एकमेकांशी थेट ताडून पाहण्यासारखे नसतात. समजा दर 6 टक्के, मुदत एक वर्ष आणि व्याज सरळ आहे. सुरुवातीलाच 12,000 ठेवले तर वर्षअखेर 720 व्याज होते. तेच 12,000 दर महिन्याच्या पहिल्या तारखेला 1,000 असे भरले, तर पहिला हप्ता 12 महिने राबतो, दुसरा 11 आणि शेवटचा जेमतेम एक. सगळे महिने मिळून 78 होतात आणि व्याज 390. मुदत लांबवली म्हणून ही तफावत भरून निघत नाही, थोडी वाढतेच. पाच वर्षांत 60,000 च्या एकरकमी ठेवीवर 18,000 मिळतात, तर 60 हप्त्यांवर 9,150. म्हणजे एकरकमी ठेवीच्या व्याजाशी हप्त्यांच्या व्याजाचे प्रमाण 54 टक्क्यांवरून 51 वर उतरते. चक्रवाढ धरली तर आकडे बदलतात, चित्र तेच राहते.

यात बँकेची लबाडी नाही. प्रत्येक हप्ता जितके दिवस बँकेत होता तितक्या दिवसांचे व्याज त्याला पुऱ्या दराने मिळालेले असते. ‘आरडीत निम्मेच व्याज मिळते’ ही तक्रार म्हणूनच फोल आहे. जे पैसे अजून भरलेच नव्हते त्यांवर व्याज कुठून येणार? ज्याच्याजवळ एकरकमी पैसे नाहीत, त्याच्यापुढे प्रमाणपत्राचा पर्याय मुळात नसतोच. त्याची खरी निवड आवर्ती ठेव की पगाराच्या खात्यात पडून राहिलेली शिल्लक, एवढीच असते आणि तिथे आवर्ती ठेव बहुधा जिंकते.

प्रश्न चुरशीचा होतो तो रक्कम हातात असताना. आवर्ती ठेवीला 7 टक्के आणि प्रमाणपत्राला 4.5 टक्के दर असेल, तर रक्कम बचत खात्यात ठेवून तिथून महिन्याला हप्ता वळता करावा का? वरचेच 12,000 घेऊ. हप्त्यांवर 455 व्याज होते. वाट पाहत थांबलेल्या पैशांवर बचत खात्याच्या 2 टक्क्यांनी 110 पडतात, म्हणजे एकूण 565, प्रमाणपत्राचे 540. पंचवीसने आवर्ती ठेव सरस. मात्र बचत खाते 1 टक्काच देत असेल तर बेरीज 510 वर येते आणि बाजी पलटते. तेव्हा निकाल लागतो तो बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो अशा तिसऱ्या दरावर. ढोबळ अंदाज हवा असेल तर आवर्ती ठेव व बचत खाते यांच्या दरांची सरासरी काढावी. वर्षभराच्या मुदतीत एकूण परतावा तिच्यापेक्षा किंचित वर असतो.

दीर्घ मुदतीत आणखी एक फरक पुढे येतो आणि तो व्याजाच्या हिशोबापेक्षा महत्त्वाचा आहे. प्रमाणपत्र आज हातात असलेल्या पैशांचा दर बांधून ठेवते. आवर्ती ठेव अजून न कमावलेल्या पैशांचाही दर आजच बांधते. पाच वर्षांच्या ठेवीतला साठावा हप्ता बँकेत महिनाभरच राहतो, पण त्याला दर मिळतो तो पाच वर्षांपूर्वी ठरलेला. दर उतरत गेले तर ठेवीदाराचे फावते, चढत गेले तर नवा हप्ताही जुन्याच दरात अडकतो. फ्रान्समध्ये 1969 साली सुरू झालेल्या, हप्त्यांनी भरायच्या गृहबचत योजनेत हे दोन्ही बाजूंनी दिसले. खाते उघडताना लागू असलेला दर तिथे कायम राहतो आणि भरणा दहा वर्षांपर्यंत करता येतो. 2010 मध्ये 2.5 टक्क्यांनी उघडलेल्या खात्यात 2019 मध्येही त्याच दराने पैसे भरता येत होते, जरी ऑगस्ट 2016 पासून नव्या खात्यांना 1 टक्काच मिळत होता. पुढे पारडे फिरले. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेव दर सप्टेंबर 2023 मध्ये 4 टक्क्यांवर गेला, तेव्हा एक टक्क्याची खाती गळ्यात पडलेले लोढणे झाली होती.

प्रमाणपत्रात यावर उतारा म्हणून रकमेचे पाच भाग करून एक ते पाच वर्षांच्या पावत्या करतात. दरवर्षी एक पावती पिकते आणि ती त्या वेळच्या दराने पुन्हा ठेवता येते. अडचण आली तर एकच पावती मोडावी लागते. आवर्ती ठेवीत मात्र खाते मोडले की सगळे हप्ते एकत्र बाहेर येतात आणि सहसा करारापेक्षा कमी दर लागतो. म्हणून एका मोठ्या हप्त्याऐवजी दोन-तीन लहान खाती उघडणे शहाणपणाचे. मिळकत आटली तर एक बंद करून बाकीची चालू ठेवता येतात.

हप्ता चुकण्याची जोखीम प्रमाणपत्राला नसतेच. भारतीय टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत थकलेल्या प्रत्येक महिन्याला 100 रुपयांमागे 1 रुपया दंड बसतो. चार हप्ते थकले की खाते खंडित धरले जाते आणि ते पुन्हा चालू करायला दोन महिने मिळतात. दंड किरकोळ आहे, पण शिस्त लागते ती त्याच्या धाकाने. खर्चिक स्वभावाच्या माणसाने अर्ध्या टक्क्याच्या फरकापेक्षा या धाकाला जास्त मोल द्यावे.

न मोडता विकून मोकळे होण्याची सोय फक्त हस्तांतरणीय प्रमाणपत्रात असते. 1961 साली न्यूयॉर्कच्या फर्स्ट नॅशनल सिटी बँकेने, म्हणजे पुढच्या सिटीबँकेने, ती रुजवली. चालू खात्यावर व्याज देण्यास 1933 च्या कायद्याने मनाई असल्याने कंपन्यांचा पैसा इतरत्र जात होता. तो परत खेचण्यासाठी विकता येणारी मोठी प्रमाणपत्रे काढली गेली. घरगुती ठेवीदाराला या सोयीचा फारसा उपयोग नाही. त्याला मोडण्याऐवजी ठेवीवर कर्ज घेण्याचा मार्ग बऱ्याच ठिकाणी खुला असतो आणि मुदत संपत आली असेल तर तोच स्वस्त पडतो.

ठेवविमा सहसा दोन्हींना सारखाच लागू असतो. मात्र मर्यादा एका बँकेतील सर्व ठेवी एकत्र धरून मोजली जाते. ती भारतात फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख रुपये, अमेरिकेत 2,50,000 डॉलर आणि युरोपीय संघात 1,00,000 युरो आहे. प्रमाणपत्राची रक्कम पहिल्या दिवशीच समोर असते, आवर्ती ठेव मात्र महिन्यागणिक फुगत जाते. तिचा हप्ता ठरवताना आजची शिल्लक न पाहता मुदतीअखेरचे मुद्दल आणि व्याज मिळून मर्यादेत बसतात का, ते पाहावे लागते.