पार्श्वभूमी : बेसबॉलमधला चुकलेला निर्णय आणि शेजारच्या पंचाचं मौन

निर्णय ज्याने दिला त्या पंचाने स्वतः विचारल्याखेरीज दुसऱ्या पंचाने त्यावर टीका करायची नाही, तो फिरवायला बघायचं नाही, मध्ये पडायचं नाही. बेसबॉलच्या नियमपुस्तकातलं हे कलम आज 8.02 म्हणून ओळखलं जातं. 2015 मध्ये क्रमांक बदलले, त्याआधी ते 9.02 होतं. चुकलेल्या निर्णयांचा इतिहास या एका कलमाभोवती फिरतो.

एकोणिसाव्या शतकात मैदानावर बहुधा एकच पंच असे, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्नच नव्हता. पुढे दोन झाले, मग तीन. 1947 पासून वर्ल्ड सिरीजला (अमेरिकेतल्या विजेतेपदाच्या अंतिम मालिकेला) सहा आणि 1952 पासून नेहमीच्या सामन्यांना चार पंच उभे राहू लागले. माणसं वाढली, पण सवय एकट्या पंचाच्या काळातलीच राहिली. प्रत्येकाने आपापला बेस, म्हणजे रनरने धावत गाठायचा टप्पा, सांभाळायचा. बॉल हातातून सुटला की नाही, होम रन (आपल्या षटकारासारखा कुंपणापार फटका) आत की बाहेर, अशा मोजक्या बाबतींत विचारणा चालायची. बेसवरचा साधा ‘आउट’ किंवा ‘सेफ’ मात्र ज्याचा त्याचा. त्यामागचं कारणही खोटं नव्हतं : एकदा विचारलं की प्रत्येक मॅनेजर (संघाचा प्रशिक्षक) प्रत्येक निर्णयावर ‘त्याला विचारा’ म्हणत धावून येणार.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांचा घोळ होतो तो ‘अपील’ या शब्दापाशी. आपल्याकडे अपील केल्याशिवाय आउट नाही. बेसबॉलमध्ये पंच न विचारताच निर्णय देतो आणि अपील हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लागतो. रनरने बेस चुकवला किंवा झेल पूर्ण होण्याआधीच बेस सोडला, तर क्षेत्ररक्षकांनी करायचं ते पहिलं. पंचाचा निर्णय नियमाविरुद्ध आहे असा मॅनेजरचा दावा, ते दुसरं. इथे डोळ्यांनी ठरवलेल्या गोष्टीवर दाद मागता येत नाही, फक्त नियम लावण्यात चूक झाली असेल तर येते. आणि तिसरं हाफ स्विंगचं, म्हणजे बॅटरने बॅट अर्धवट फिरवून आवरली तेव्हाचं. प्लेटमागच्या, म्हणजे बॅटरच्या मागे उभ्या असलेल्या पंचाने ‘बॉल’ (बॅटरच्या बाजूने मोजला जाणारा चेंडू) दिला की कॅचर (आपला यष्टिरक्षक) किंवा मॅनेजर विचारणा करायला सांगू शकतो, आणि मग पंचाला सहकाऱ्याकडे वळावंच लागतं. तो हात लांब करून पहिल्या बेसकडे, बॅटर डावखुरा असेल तर तिसऱ्या बेसकडे बोट दाखवतो. तिकडून मूठ वर आली तर स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू), दोन्ही हात आडवे पसरले तर नाही. सगळं एका क्षणात उरकतं, कुणाची अब्रू जात नाही. हाफ स्विंगला जे इतकं सहज चालतं, ते पहिल्या बेसवर इतकी वर्षं का चालू नये, हे मला कधीच पटलेलं नाही.

कारण सगळ्यात महाग चुका तिथेच झाल्या. पंच डोळे रनरच्या पायावर ठेवतो आणि चेंडू ग्लव्हमध्ये पडल्याचा आवाज कानांनी टिपतो. प्रेक्षकांचा गोंगाट वाढला की अर्धं काम तिथेच बुडतं. 26 ऑक्टोबर 1985, कॅन्सस सिटी, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. नवव्या इनिंगमध्ये सेंट लुइस 1-0 ने पुढे असताना आउट असलेला रनर सेफ ठरला. वाद झाला, निर्णय बदलला नाही. कॅन्सस सिटीने तो सामना 2-1 ने आणि दुसऱ्या दिवशीचा 11-0 ने जिंकून विजेतेपद नेलं.

या शतकाच्या सुरुवातीला एकत्र येऊन बरोबर निर्णय द्यायचं वळण पडू लागलं. त्याचा उत्तम दाखला 19 ऑक्टोबर 2004 चा, न्यूयॉर्कमधला. बॉस्टनच्या बॅटरचा फटका डावीकडच्या प्रेक्षकाला लागून मैदानात परत आला आणि पंचाने खेळ चालू ठेवला. मग पंच जमले, बोलले, आणि तीन धावांचा होम रन दिला. आठव्या इनिंगमध्ये न्यूयॉर्कच्या रनरने पिचरच्या (गोलंदाजाच्या) हातावर चापट मारून बॉल पाडला. आधी सेफ, पुन्हा खलबत, मग अडथळ्याबद्दल आउट, आणि धाव घेऊन गेलेला दुसरा रनर परत पहिल्या बेसवर. शेवटी दंगलविरोधी पोशाखातले पोलीस मैदानाच्या कडेला बसवावे लागले. दोन्ही निर्णय बरोबर होते, आणि दोन्ही वेळा टीव्हीचा एकही पडदा न बघता.

फिरवलेल्या निर्णयाची खरी गुंतागुंत नंतर सुरू होते. एखाद्याने चुकून ‘फाउल’ (चेंडू हद्दीबाहेर) ओरडलं की सगळे थांबतात, आणि थांबलेले रनर कुठवर पोचले असते हे कोण सांगणार? नियमपुस्तक तो अधिकार पंचांना देतं : पहिलाच निर्णय बरोबर असता तर रनर जिथे असते असं वाटतं, तिथे ते ठेवावेत. मॅनेजरला खुलासा विचारता येतो, त्यावर हुज्जत घालता येत नाही.

आपल्याकडे डरबनला 1992 मध्ये टीव्ही पाहून रनआउट देण्याची सुरुवात झाली, आणि पहिला बाद झाला तो मुंबईचाच फलंदाज. बेसबॉलने पडदा स्वीकारला ऑगस्ट 2008 मध्ये, तोही होम रनपुरता. म्हणून 2 जून 2010 ला डेट्रॉइटमध्ये काहीच करता आलं नाही. सलग 26 बॅटर बाद केलेल्या पिचरने पहिल्या बेसवर स्वतः बॉल झेलून सत्ताविसावा, म्हणजे सामन्यातला शेवटचा बळी घेतला होता, पण निकाल आला ‘सेफ’. पिचर नुसता हसला. पंचाने रिप्ले पाहून चूक उघड कबूल केली. दुसऱ्या दिवशी तोच पंच प्लेटमागे होता. खेळाडूंच्या नावांचं कार्ड द्यायला मुद्दाम त्या पिचरलाच पाठवलं होतं. ते घेताना पंच डोळे पुसत होता.

2014 पासून मॅनेजरला बेसवरच्या निर्णयांनाही आव्हान देता येतं. पंच कानाला हेडसेट लावतो, उत्तर न्यूयॉर्कमधल्या रिप्ले केंद्रातून येतं. 2026 च्या हंगामापासून बॉल-स्ट्राइकवरही बॅटर, पिचर किंवा कॅचर डोक्यावर हात आपटून दाद मागू शकतात, दर संघाला दोन संधी. हाफ स्विंग मात्र त्यात बसत नाही. त्यासाठी कॅचर अजूनही पहिल्या किंवा तिसऱ्या बेसकडेच बोट दाखवतो.