खारपाण पट्ट्यातली आवर्तसारणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती-अकोला-बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, विहिरीला पाणी लागलं तरी घरात आनंद होत नाही. "पानी हाये, पन कामाचं नाई," शेतकरी सांगतो. ते ओलिताला दिलं की काळी माती आधी लोण्यासारखी मऊ होते, मग वाळून दगड होते आणि वर पांढुरका थर धरते. हे काम मुख्यतः सोडियमचं. त्याच शेतकऱ्याच्या घरी कृषी केंद्रातून 10:26:26 ची गोणी येते. तिच्यावरचा शेवटचा आकडा पालाशचा, म्हणजे पोटॅशियमचा. एक पिकाला नकोसं, दुसऱ्यावाचून पीक होत नाही. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत मात्र ही दोघं पहिल्या गणात, म्हणजे पहिल्या उभ्या रांगेत, एकाखाली एक बसलेली आहेत.

मला ही सारणी खरी समजली ती या जोडीमुळे.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं 1807 साली दोन्ही धातू काही दिवसांच्या अंतरानं वेगळे केले. पोटॅशियम हे नाव आलं पोटॅशवरून, म्हणजे भांड्यात राख भिजवून काढलेल्या क्षारावरून. माझी आजी परसातल्या वांग्यांना चुलीची राख घालायची, तेव्हा ती पालाशच देत होती.

एकाच गणात असणं म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचात सारखेच इलेक्ट्रॉन असणं. सोडियमकडे एक, पोटॅशियमकडेही एकच, आणि दोघांनाही तो सोडून द्यायची घाई. गणात खाली जावं तसं एकेक कवच वाढतं, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो आणि अधिक सहज सुटतो. म्हणून पाण्यात टाकल्यावर पोटॅशियम सोडियमपेक्षा जास्त भडकतं. आडव्या ओळीत, म्हणजे आवर्तात, उलटं होतं. कवच तेच राहतं, पण केंद्रकाची ओढ वाढत जाते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे जाताना अणू आक्रसतो. सोडियमच्याच ओळीत जवळजवळ उजव्या टोकाला क्लोरीन आहे, इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेलं. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला की झालं मीठ.

इलेक्ट्रॉन गेल्यावर सोडियम आणि पोटॅशियम दोघांवरही एकच धन प्रभार उरतो, आणि इथेच पिकाची फसगत होते. मुळांत पोटॅशियम शिरायच्या काही वाटांनी सोडियमही घुसतं. बाहेर त्याचीच गर्दी असली की पालाश मागे पडतं. नात्यातलं साम्य असं शेतात महागात पडतं.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं मार्च 1869 मध्ये सारणी मांडली तेव्हा 63 मूलद्रव्यं माहीत होती. त्यानं ती अणुवस्तुमानानुसार लावली, पण गुणधर्म जुळेनात तिथे जागा मोकळी ठेवली. अशा न सापडलेल्या मूलद्रव्यांना नाव देताना त्यानं आपल्या संस्कृतातला 'एक' हा शब्द घेतला: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. पहिलं 1875 मध्ये गॅलियम म्हणून सापडलं. शोधकर्त्यानं त्याची घनता 4.7 सांगितली; मेंडेलीव्हचा अंदाज 5.9 च्या आसपास होता. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजला, तर 5.9 च निघाली! न पाहिलेल्या धातूबद्दल एवढी खात्री बाळगणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. गॅलियम 30 अंशांच्या जरा आधीच वितळतं. अकोल्याच्या मे महिन्यात ते फडताळात ठेवल्या ठेवल्या पाणी होईल.

पुढे अडचण आली तीही आपल्या पालाशचीच. 1894 मध्ये अरगॉन हा निष्क्रिय वायू सापडला. त्याचं अणुवस्तुमान 39.95, पोटॅशियमचं 39.10. वजनानं लावायचं तर पोटॅशियम निष्क्रिय वायूंत बसवावं लागेल आणि अरगॉन सोडियमखाली. 1913 मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोसलीनं क्ष-किरणांच्या मोजणीतून दाखवलं की खरा क्रम वजनाचा नसून केंद्रकावरच्या प्रभाराचा, म्हणजे अणुअंकाचा आहे. अरगॉन 18, पोटॅशियम 19. दोन वर्षांत मोसली पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, अवघ्या 27 व्या वर्षी.

खारपाणावरचा एक उपाय सारणीत पोटॅशियमच्या अगदी शेजारच्या घरात आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. दुसऱ्या गणातलं कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन सोडतं, त्याचा दुहेरी प्रभार चिकणमातीचे कण धरून ठेवतो आणि त्यांना चिकटलेल्या सोडियमला हुसकावतो. सुटलेलं सोडियम निचऱ्याबरोबर खाली जायला हवं, नाहीतर ते तिथेच राहतं. म्हणून जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर मातीत मिसळायचं, चर मोकळे ठेवायचे, आणि पुढे हरभऱ्याला विहिरीचं नाही, शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी द्यायचं.